संस्थेच्या संकेतस्थळाचे फोल्डर : वर्षवार की विषयवार?

रामबागकर :
इंदूरच्या आमच्या मराठी मंडळाचे संकेतस्थळ आवरण्याचे काम माझ्याकडे आले आहे. आजवरची सर्व छायाचित्रे एकाच फोल्डरमध्ये टाकली गेली. कॅमेऱ्याचे क्रमांक ९९९९ नंतर पुन्हा ०००१ पासून सुरू होतात. त्यामुळे गणेशोत्सवाचे 'डीएससी_०४१२' चढवताना त्याच नावाचे, राजवाड्यासमोरच्या रंगपंचमीच्या गेरीचे, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीचे, जुने छायाचित्र पुसले गेले. त्याची दुसरी प्रत कोणाकडेही नाही, आणि ते मला अजून सलते. माझे मत असे की सर्वांत बाहेर वर्षाचे फोल्डर असावे आणि आत '२०२४-०९-०७-गणेशस्थापना' असे कार्यक्रमाचे. वर्ष, महिना, दिवस या क्रमाने लिहिले की संगणकाने नावे अकारविल्हे लावली तरी ती कालक्रमानेच लागतात.

सुदामानगर :
मी सहमत नाही. येणारा माणूस वर्ष शोधत नाही, 'वधूवर नोंदणी' किंवा 'व्याख्यानमाला' शोधतो. आपल्या पद्धतीने व्याख्यानांची ध्वनिमुद्रणे पंधरा फोल्डरांत विखुरतील आणि पुढच्या कार्यकारिणीतील नवख्या कार्यकर्त्याला एकेक वर्ष उघडून बघत बसावे लागेल.

रामबागकर :
येणाऱ्याला दिसतो तो मेनू. तेथे विषय जरूर ठेवू. फोल्डरचे नाव मात्र पत्त्यात जाते, आणि तो पत्ता लोकांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेला, स्मरणिकेत छापलेला असतो. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच बजावले होते की पत्ते बदलू नयेत. विषयांची वर्गवारी काळाबरोबर बदलते, निर्मितीची तारीख बदलत नाही. आमची 'महिला शाखा' पुढे 'भगिनी मंडळ' झाली आणि फोल्डरचे नाव बदलले त्याच दिवशी तिचे सर्व जुने दुवे ४०४, म्हणजे 'पान सापडले नाही', असे दाखवू लागले.

सुदामानगर :
छायाचित्रांपुरते मान्य. परंतु सभासदत्वाचा अर्ज आणि मंडळाची घटना यांचे काय? अर्ज वर्षाच्या फोल्डरात ठेवला, तर दर वर्षी त्याचा पत्ता बदलेल आणि जुन्या दुव्यावरून लोक जुन्याच शुल्काचा अर्ज भरून आणतील. अशा कागदांना वर्ष नसलेला, कायमचा एकच पत्ता हवा. शिवाय नाव बदललेच, तर ३०१ पुनर्निर्देशन लावून जुना दुवा नव्या जागी नेता येतो; आपल्याकडे ते लावले गेले नाही, हा विषयवार मांडणीचा दोष नव्हे.

लोकमान्यनगर :
आपण दोघांनीही लिपीचा विचार केलेला नाही. संगणक अक्षरे साठवतो त्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे असते आणि पत्त्यात प्रत्येक बाइट तीन अक्षरांनी लिहिला जातो. म्हणजे 'गणेशोत्सव' या नऊ चिन्हांच्या शब्दाची दुव्यात ८१ अक्षरे होतात. मराठी माणूस म्हणून मला हे लिहिताना बरे वाटत नाही, तरीही फाइलींची नावे रोमन लिपीतच, सगळी लहान अक्षरे वापरून आणि मोकळ्या जागेऐवजी जोडरेघ देऊन ठेवावीत. घरच्या विंडोजला लहान-मोठ्या अक्षरांचा फरक जाणवत नाही, लिनक्सच्या सर्व्हरला जाणवतो. घरी दिसणारे छायाचित्र संकेतस्थळावर दिसत नाही, त्याचे कारण पुष्कळदा एवढेच असते.

रामबागकर :
अर्ज आणि घटना यांच्यासाठी वर्षाबाहेर 'कायम' हे फोल्डर करतो. तो आक्षेप रास्त होता. रोमन नावांना मात्र माझी अद्याप संमती नाही, कारण आमच्याकडे जे फाइली उघडून बघतात, त्यांतील बहुतेकांना 'व्याख्यान' रोमनमध्ये प्रत्येक जण वेगळे लिहितो याचाच जास्त त्रास झाला आहे. यावर आणखी मते हवी आहेत. तोवर एकही फाइल हलवत नाही. आधी सबंध संकेतस्थळाची प्रत दोन वेगळ्या डिस्कवर उतरवून घेतो.