मदत हवी आहे: दूध संघाच्या संगणक प्रणालींचा तीन वर्षांचा आराखडा कुठून सुरू करावा?

संघाला सुमारे ४०० गावपातळीच्या संस्था दूध घालतात. त्यांच्याकडे तीन वेगवेगळ्या पुरवठादारांचं संकलन सॉफ्टवेअर आहे. शीतकरण केंद्र, टँकरचा वजनकाटा, प्रयोगशाळा, पशुखाद्य विक्री आणि हिशेब या सगळ्यांच्या नोंदी वेगळ्या ठेवल्या जातात. दहा दिवसांचं बिल काढायला मुदत संपल्यावर चार दिवस जातात. संचालक मंडळ म्हणतं, थेट ईआरपी (सगळे विभाग एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर) घ्या. आधी आराखडा करायचा तर किती खोलात जायचं? टोगॅफचे (संस्थेच्या प्रणालींचा आराखडा करायच्या प्रमाण पद्धतीचे) सगळे टप्पे करायला माणसं नाहीत.

प्रतिसाद १

टोगॅफ पूर्ण राबवू नका. ईआरपीची निविदाही आत्ता काढू नका, कारण काय मागायचं हेच अजून ठरलेलं नाही. मंडळाकडून तीन-चार उद्दिष्टं आकड्यांत लिहून घ्या, उदा. 'बिल दुसऱ्या दिवशी खात्यात'. मग संघ करतो ती कामं लिहा: संकलन, प्रतवारी, वाहतूक, दर ठरवणं, बिल, कपात वगैरे. २०-२५ पुरेत. यादी विभागांप्रमाणे करू नका, विभाग बदलले की ती निकामी होते.

खरा वेळ पुढच्या तक्त्याला द्या. आडव्या ओळींत माहिती: उत्पादक, संस्था, दरपत्रक, संकलन नोंद, टँकर फेरी, चाचणी निकाल, कपात, बिल. उभ्या रकान्यांत प्रणाली. प्रत्येक चौकटीत लिहा की ती प्रणाली ही माहिती तयार करते, बदलते की नुसती वाचते. एका ओळीत दोन ठिकाणी 'तयार करते' आलं की दुखणं तिथंच सापडतं. उत्पादकाचा कोड संस्थेत एक आणि पशुखाद्यात दुसरा असेल, तर खाद्याची कपात नावावरून हाताने जुळवावी लागते. तुमचे चार दिवस बहुधा यातच जात असावेत.

क्रमही हाच तक्ता सांगतो: माहिती तयार करणारी प्रणाली आधी, वापरणारी नंतर. म्हणजे उत्पादक-संस्था यादी आणि दरपत्रक, मग संकलन, मग कपात, मग बिल, आणि हिशेब सर्वांत शेवटी. ईआरपीवाले बहुतेक हिशेबापासून सुरू करतात, तिथं अडून बसा.

प्रतिसाद २

वरच्या तक्त्यात एककाचा रकाना हवाच. संस्था लिटरमध्ये मोजते, वजनकाटा किलोत. दुधाची घनता साधारण १.०३, म्हणजे १०,००० लिटर दूध सुमारे १०,३०० किलो भरतं. काट्यावर १०,२०० आले तर वाटेत १०० किलो घट झालेली असते, पण रूपांतर न करता आकडे जोडले की २०० ची वाढ दिसते. फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक) किती दशांशांपर्यंत धरायचे तेही लिहून ठेवा.

दरपत्रकाला लागू तारीख, पाळी (सकाळ की संध्याकाळ) आणि आवृत्ती क्रमांक द्या. तो क्रमांक प्रत्येक संकलन नोंदीत उमटला पाहिजे, नाहीतर जुनं दरपत्रक कुठं चालू राहिलं ते शोधता येत नाही.

धागाकर्ता

तिन्ही संकलन सॉफ्टवेअर बदलावीत का? गावात नेट जातं, तेव्हा काय?

प्रतिसाद १

बदलू नका. नोंद पाठवायचा एकच ठरीव नमुना तयार करा आणि देखभाल कराराच्या नूतनीकरणात तो सक्तीचा करा. माहिती संस्थेची व संघाची आहे, मागितली की पूर्ण द्यावी, हेही करारात घाला.

संकलन नेटशिवाय चाललं पाहिजे, नोंदी नंतर जातील. मात्र त्याच नोंदी पुन्हा आल्या तर दोनदा धरल्या जाऊ नयेत. त्यासाठी ओळख अशी ठेवा: संस्था कोड, तारीख, पाळी, उत्पादक कोड, गाय की म्हैस आणि नोंद क्रमांक. शेवटचा वगळू नका, एकाच पाळीत कुणी दोन किटल्या आणतो.

प्रतिसाद २

सुरुवात दहा संस्थांवर करा, त्यांत गाय-म्हैस दोन्ही घेणाऱ्या हव्यात. जुनं-नवं दोन पूर्ण बिलं समांतर चालवा आणि फरक उत्पादकवार काढा. एकूण रकमेत उलटसुलट चुका एकमेकींत जिरतात. पुष्टकाळात (दूध जास्त येण्याच्या हंगामात) बदल नको, तेव्हा संकलनाचा ताण सर्वाधिक असतो.