सेशेल्स : दोघी मैत्रिणी, ७ रात्री. ला दीगला किती दिवस द्यावेत?

कृष्णाकाठची :
सांगलीहून दोघी दिवाळीनंतर सेशेल्सला निघालोय. मुंबई ते माहे विमान ठरलं, पुढचं काहीच नाही. माहे, प्रालँ, ला दीग ही तिन्ही बेटं बघायची आहेत, पण पळापळ नको. मैत्रिणीला सायकल येत नाही. राहणं-खाणं आवाक्यात कसं ठेवायचं? ला दीग एका दिवसात उरकतं का?

अजिंक्यतारा_पायथा :
उरकतं, पण मग जायचं कशाला? एका दिवसाचे प्रवासी सगळे भर उन्हात एकाच किनाऱ्यावर असतात. सकाळ-संध्याकाळ तिथे मुक्काम करणाऱ्यांचीच. ३ रात्री ला दीग, २ प्रालँ, शेवटच्या २ माहे. माहे शेवटी ठेवा, कारण समुद्र खवळला की बोटी रद्द होतात. परतीच्या विमानाच्या दिवशी दुसऱ्या बेटावर अडकलात तर तिकीट गेलंच.

माहे-प्रालँ बोटीला सुमारे तास लागतो, प्रालँ-ला दीगला पाव तास. पहिल्या टप्प्यात बोट चांगलीच हलते. खालच्या मजल्यावर मागच्या बाजूला बसा, उलटीची गोळी तासभर आधी घ्या. बोट हलायला लागल्यावर घेतलेली गोळी फुकट जाते. जिभेवर आलेपाक चालेल.

व्हिसा नाही, पण प्रवासाची ऑनलाइन परवानगी लागते. त्यासाठी परतीचं तिकीट आणि मुक्कामाचं बुकिंग दाखवावं लागतं, म्हणजे राहण्याचं आधी ठरवा.

विश्रामबाग_चौक :
खर्चाचं गणित असं. बहुतेक सगळा माल बाहेरून येतो, म्हणून हॉटेलातलं जेवण महाग. तिथला १ रुपया म्हणजे आपले साधारण ६. स्वयंपाकघर असलेली खोली घ्या, दोघींत भाडं निम्मं होतं. दुपारी टेकअवेतून भात, मासा आणि डाळ डब्यात घ्या. क्रिओल, म्हणजे तिथल्या स्थानिक पद्धतीच्या माशाच्या रश्शाला नारळ आणि मसाला असतो, परका वाटणार नाही. रविवारी बरीच दुकानं बंद असतात, शनिवारीच सामान भरा. इथून फळं, भाज्या, बियाणं, मांस नेऊ नका, विमानतळावर काढून घेतील. चार्जरला चौकोनी तीन पिनांचा अ‍ॅडॅप्टर लागतो.

दर्या_आणि_डोंगर :
आन्स सूर्स दार्जां हा गुळगुळीत ग्रॅनाइट शिळांचा किनारा ल्युनियों इस्टेटच्या आत आहे. तिकीट १५० सेशेल्स रुपयांच्या आसपास. भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहूनच निघा. ओहोटीला शिळांमधून चालत पुढे जाता येतं, पण पाणी गुडघाभरच. भरतीला पोहायला बरं, मात्र वाळू जवळपास नाहीशी होते. ओहोटी लागल्यावर शिरलात तर दोन्ही साधतं.

ग्रांद आन्स दिसायला त्याहून देखणा, पण तिथे प्रवाळाची भिंत नाही. लाट थेट येते आणि परतताना आत ओढते. पाय भिजवा, पोहू नका.

वाऱ्याचंही बघा. मे ते सप्टेंबर आग्नेयेकडून वारा असतो, तेव्हा वाऱ्यासमोरच्या किनाऱ्यांवर शेवाळ साचतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात वारा बदलतो आणि समुद्र बराच शांत असतो, म्हणजे तुमची वेळ चांगली आहे. प्रालँचा आन्स लाझिओ तेव्हा सुरेख.

प्रालँवरचं व्हॅले द मे चुकवू नका. आपलं कास २०१२ ला पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत आलं, हे १९८३ लाच. ताडांच्या या जंगलात दर्याचा नारळ लागतो, जगातलं सगळ्यात जड बी. निसर्गात तो फक्त प्रालँ आणि क्युरिअस या बेटांवर. ताजा नारळ पाण्यात बुडतो, आतून रिकामा झालेलाच वाहत आपल्या किनाऱ्याला लागायचा. साधूंचे कमंडलू त्याचेच. काळा पोपट बघायचा तर सकाळी दार उघडताच आत शिरा. नारळ विकत घेतलात तर सरकारी परवाना मागा, नाहीतर विमानतळावरच जप्त.

कृष्णाकाठची :
खूप उपयोगी. सायकलीचं मात्र राहिलं. ती कशी फिरणार?

अजिंक्यतारा_पायथा :
धक्क्यापासून ल्युनियों इस्टेट दीड-दोन किलोमीटर, सपाट. चालत जा. ग्रांद आन्सला मात्र मध्ये चढ आहे, तेवढ्यापुरती टॅक्सी. टॅक्स्या मोजक्याच, त्यामुळे आदल्या दिवशी घरमालकिणीकडून सांगून ठेवा आणि परतीची वेळही तेव्हाच ठरवा. तुमच्यासाठी सायकल दिवसाला १०० ते १५० सेशेल्स रुपये. घेताना ब्रेक आणि कुलूप तपासा. साडेसहाच्या सुमाराला अंधार पडतो, बॅटरी जवळ हवीच.