मदत हवी आहे : एडिथ विल्सन यांच्या हातात नेमकी किती सत्ता होती?

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनकट्ट्यावर अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या बायकांवर वीस मिनिटं बोलायचंय. हौसेनं हो म्हणून बसले आणि एडिथ विल्सनपाशी अडकले.

२ ऑक्टोबर १९१९ ला वुड्रो विल्सन यांना पक्षाघात झाला, डावी बाजू लुळी पडली. लोकांना सांगितलं काय, तर थकवा! पुढे कितीतरी आठवडे कोणता कागद त्यांच्यासमोर न्यायचा, कोणाला भेटू द्यायचं, हे एडिथबाई ठरवत. शाळेत जेमतेम दोन वर्षं गेलेली बाई! (पहिला नवरा गेल्यावर त्याचं वॉशिंग्टनमधलं जवाहिऱ्याचं दुकान मात्र तिनं बुडू दिलं नव्हतं.) आत्मचरित्रात त्या म्हणतात, राज्यकारभाराचा एकही निर्णय मी घेतला नाही, महत्त्वाचं काय आणि ते कधी पुढे ठेवायचं, एवढंच ठरवलं. आता ‘ध’चा ‘मा’ केला नाही हे मान्य, पण कागदच दाबून ठेवला तर?

त्याच नोव्हेंबरात सिनेटनं पहिल्या महायुद्धानंतरचा व्हर्सायचा तह फेटाळला. विल्सन तडजोडीला तयार नव्हते. त्यात एडिथबाईंचा वाटा किती धरायचा? आणि राष्ट्राध्यक्ष काम करू शकत नसेल तर काय करायचं हे ठरवणारी १९६७ ची पंचविसावी घटनादुरुस्ती केनेडींच्या हत्येनंतरची. तिचा धागा इथे जोडणं ओढूनताणून होईल का?

मराठीत यावर काही वाचलं असेल तर नक्की सांगा. शिवाय एलिनॉर रूझवेल्टना उरलेल्या पाच मिनिटांत गुंडाळणं जिवावर येतंय. त्यांना पुढच्या महिन्यावर ढकलू का?