मुंग्यांची नवी वसाहत आहे, त्यांच्यासाठी घरी नेस्ट (राहायचं घर) बनवायचंय: प्लास्टर की ब्लॉक?

सांजपाखरू:
नमस्कार मंडळी, माझ्याकडे कॅम्पोनोटसची एक राणी आहे, म्हणजे ते मोठे काळे मुंगळे असतात ना, त्यातली. पंख गाळून भिंतीकडेने फिरताना सापडली, तेव्हापासून टेस्ट ट्यूबमध्येच आहे, मागे पाणी, मधे कापूस, पुढे कापूस, नेहमीचा सेटअप. आता तिच्या पहिल्या कामकरी मुंग्या बाहेर आल्यात, आठ दिसतात, शिवाय थोडे कोष आणि अळ्यांचा एक गठ्ठा आहे जो त्या सारख्या इकडून तिकडे हलवत असतात. मला आता त्यांच्यासाठी स्वतःच्या हाताने घर बनवायचंय, विकतचं नकोय. प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये करावं की तो हलका बांधकामाचा ब्लॉक कोरून करावं यात अडकलोय. खोल्या किती खोल ठेवायच्या, ओलावा कसा द्यायचा, काचेचं झाकण लावताना फट राहिली तर काय, हे सगळं सांगा. आणि ट्यूबमधला पाण्याकडचा कापूस पिवळट-तपकिरी पडलाय, ती बुरशी आहे का? असेल तर घाईने हलवू का त्यांना?

कीटकवेडी:
आधी शेवटचा प्रश्न, कारण त्यात घाई झाली तर नुकसान आहे. कापूस पिवळा-तपकिरी पडणं बहुतेक वेळा नुसता डाग असतो, मुंग्या त्यावर घाण टाकतात, पाणी मुरतं, रंग बदलतो. राणी आणि अळ्या कापसाला चिकटून बसत असतील तर त्यांना तिथे काही खुपत नाहीये असं समजा. सगळी मंडळी कापसापासून लांब, पार तोंडाशी जाऊन बसायला लागली किंवा पाणी संपत आलं तरच हलवायचं, आणि तेही नेस्टमध्ये नाही, दुसऱ्या ट्यूबमध्ये. नवी ट्यूब पाणी भरून तयार करा, दोन्हींची तोंडं जोडून टेप लावा, नवीवर काळा कागद गुंडाळा आणि जुनी उजेडात राहू द्या. जातात आपल्या आपण. कधी एका रात्रीत जातात, कधी आठवडा घेतात, ओढून काढू नका.

आता नेस्ट. आठ मुंग्यांना नेस्ट नको, अजिबात नको. कॅम्पोनोटसची राणी सुरुवातीला जमिनीत एक छोटी बंद खोली करते आणि बाहेर न पडता, न खाता पहिली पिल्लं वाढवते, पंखांचे स्नायू आता लागणार नसतात ते जिरवून त्यावर निभावते. पहिल्या मुंग्या म्हणूनच बारक्या असतात. टेस्ट ट्यूब म्हणजे तीच खोली झाली. त्यांना मोठ्या घरात टाकलं की एका कोपऱ्यात बसतात, बाकीच्या खोल्यांत कचरा टाकतात, तो कचरा ओल्या जागी पडला की तिथे खरी बुरशी येते आणि तुम्हाला आत हात घालता येत नाही. पंचवीस-तीस कामकरी होईपर्यंत ट्यूबच ठेवा. ट्यूब एका छोट्या डबीत आडवी ठेवून तोंडाचा कापूस थोडा सैल केला की डबी झाली त्यांची बाहेरची जागा, तिथे साखरपाण्याचा थेंब आणि एखाद्या मेलेल्या किड्याचा तुकडा ठेवत जा.

पण नेस्ट आत्ता बनवायला घ्या, हे मात्र नक्की सांगेन. वाळायला वेळ लागतो आणि तोवर वसाहत वाढलेली असेल.

मातीचा_गोळा:
ताईंचं बरोबर आहे. मी प्लास्टरवाला आहे तर माझी पद्धत सांगतो.

नेस्टच्या मापाची काच घ्या, ३ मिमी पुरते. खोल्या आणि बोगदे कोरत बसायचे नाहीत, तेलकट क्ले असतो ना मुलांचा, त्याचे चपटे गोळे करून खोल्यांच्या आकारात थेट काचेवर चिकटवायचे, मधे बारीक वळ्या करून बोगदे. कडा बोटाने नीट दाबा, काच आणि क्ले यांच्यात फट राहिली तर प्लास्टर आत शिरतं आणि मग खोलीच्या तोंडावर पापुद्रा येतो. काचेभोवती पुठ्ठ्याची नाहीतर प्लास्टिकची चौकट उभी करा आणि वरून प्लास्टर ओता. काचेला टेकलेली बाजू एकदम सपाट निघते, त्यामुळे तीच काच परत झाकण म्हणून बसवली की फटीचा प्रश्नच येत नाही. तुमचा काचेचा प्रश्न इथे सुटला.

प्रमाण साधारण दोन भाग पावडर, एक भाग पाणी. पावडर पाण्यात सोडायची, पाणी पावडरमध्ये नाही, नाहीतर गुठळ्या. हलक्या हाताने ढवळा, ओतल्यावर चौकट टेबलावर टकटक आपटा म्हणजे बुडबुडे वर येतात. घट्ट होताना ते चांगलं गरम होतं, त्यात बोटं बुडवून ठेवू नका, भाजतं, हे अगदी मनापासून सांगतोय. आणि उरलेलं बेसिनमध्ये ओतायचं नाही, पाइपात दगड होतो.

क्ले काढल्यावर लगेच मुंग्या नाहीत. पूर्ण वाळू द्या. वाळलं का ते कळायला गालाला लावून बघा, गार लागलं तर आत अजून पाणी आहे. पूर्ण सुकलेलं प्लास्टर गार लागत नाही आणि हातातही हलकं लागतं.

पांढऱ्या प्लास्टरवर पांढरी अंडी दिसत नाहीत, म्हणून मी पावडरमध्येच चिमूटभर गेरू मिसळतो. जास्त घातलं तर प्लास्टर कमजोर होतं.

खोलीची खोली म्हणजे उंची: राणी पाठ न घासता फिरेल आणि वळेल एवढीच. तुमच्या राणीला १० ते १२ मिमी. लहान जातीच्या मुंग्यांना ४-५ मिमीपण पुष्कळ होतं. उंच छताच्या खोल्या दिसायला भारी दिसतात पण मुंग्यांना अंगाला लागून जागा लागते. तीन-चार खोल्या, प्रत्येक तीन-चार सेंटीमीटर, पहिल्या घराला एवढंच.

ढोली:
प्लास्टरला माझा विरोध नाही, पण ओलाव्याचं बोलायला हवं, कारण नेस्ट फसतं ते तिथेच.

शार्ल जाने नावाचा फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ होता, प्लास्टरच्या कृत्रिम वारुळांचं काम त्याचं, १९०० च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात ती मांडली होती. त्याच्या वारुळात एका ओळीत खोल्या आणि एका टोकाला पाण्याची कुंडी असायची. पाणी प्लास्टरमधून मुरत जायचं, पहिली खोली ओली, पुढची दमट, शेवटची कोरडी. कुठे बसायचं ते मुंग्या ठरवणार. मला वाटतं आजही घरगुती नेस्टमध्ये एवढी एक गोष्ट जमली तर बाकी सगळं माफ आहे. अंडी-अळ्यांना ओलावा जास्त लागतो, कोषांना कमी, आणि मुंग्या दिवसभर त्यांची वर्गवारी करून हलवत असतात, सांजपाखरू, तुम्हाला ट्यूबमध्ये दिसतंय ते हेच.

त्यामुळे सगळं नेस्ट ओलं करू नका. एका टोकाला प्लास्टर ओतताना एक छोटा खड्डा ठेवा, खोल्यांपासून दीड-दोन सेंटीमीटर लांब, त्यात सिरिंजने पाणी घाला. रोज नाही, ओली खोली कोरडी दिसायला लागली की. प्लास्टर पाण्यात थोडं का होईना विरघळतं, कायम भिजत ठेवलं तर मऊ पडतं आणि मग मुंग्या ते कुरतडून काढतात. कॅम्पोनोटसचे जबडे दणकट असतात, त्यांना मऊ झालेली भिंत म्हणजे निमंत्रणच. म्हणून कॅम्पोनोटससाठी मी ब्लॉक घेईन.

हलका ब्लॉक म्हणजे एएसी, सच्छिद्र काँक्रीटचा. बनवताना ॲल्युमिनियमच्या पावडरीमुळे आत हायड्रोजनचे बुडबुडे होतात, म्हणून तो सच्छिद्र आणि हलका असतो, पाणी छान धरतो आणि भिजल्यावर प्लास्टरसारखा मऊ पडत नाही. करवतीने पातळ तुकडा कापा, पेन्सिलने खोल्या आखा आणि जुना स्क्रू ड्रायव्हर घेऊन कोरा. कोरताना ब्लॉक ओला ठेवा आणि तोंडाला मास्क लावा, ती धूळ सिलिकाची असते, फुफ्फुसाला वाईट. तोंड सपाट करायला काचेवर पॉलिश पेपर चिकटवून त्यावर गोल गोल घासा. नंतर काही दिवस पाण्यात बुडवून पाणी बदलत राहा, नवा ब्लॉक जरा अल्कधर्मी असतो.

सांजपाखरू:
वा, हे इतकं नीट कुणी सांगितलं नव्हतं. मग मी ब्लॉक घेतो. दोन-तीन शंका. तळाला वाळू टाकायची का, काही लोक टाकतात काही नाही. हवेला भोक ठेवायचं का, आणि ठेवलं तर पळणार नाहीत का? आणि वरून लाल कागद लावतात तो कशाला?

कीटकवेडी:
वाळू: चिमूटभर हो. कॅम्पोनोटसच्या अळ्या रेशमाचा कोष विणतात. त्या वेळी कामकरी मुंग्या अळीभोवती बारीक कण आणून रचतात, धागा अडकवायला काहीतरी लागतं ना, आणि कोष पूर्ण झाला की तेच कण परत उचलून बाजूला करतात. हे एकदा भिंगातून बघाच. नुसत्या काचेवरही त्यांना जमतं, पण कण असले तर सोपं जातं. जाड थर मात्र नको, सगळं त्यात लपतं. फायडोलसारख्या दुसऱ्या काही मुंग्यांच्या अळ्या रेशमाचा कोष विणतच नाहीत, त्यांना याची गरज नाही.

हवा: भोक हवंच. या मुंग्या घाबरल्या की फॉर्मिक ॲसिड सोडतात आणि बंद जागेत ते त्यांनाच बाधतं. कोरड्या टोकाकडे भोक पाडा, त्यावर स्टीलची बारीक जाळी, जाळीचं छिद्र सगळ्यात लहान मुंगीच्या डोक्यापेक्षा लहान असायला हवं. अंग कसंही आवळलं जातं, डोकं आवळत नाही, म्हणून मोजायचं ते डोकं. प्लास्टिकची जाळी लावू नका, कुरतडतात.

लाल फिल्म: मुंग्यांना लाल उजेड फारसा दिसत नाही, त्यामुळे त्यांच्या दृष्टीने खोली अंधारी आणि आपल्याला बघता येतं. तरी अंधाराची बरोबरी नाही. वर काळं झाकण ठेवा आणि बघायचं तेव्हाच काढा. आणि सारखं काढू नका, विशेषतः वसाहत लहान असताना, धक्के बसले की राणी स्वतःची अंडी खाऊन टाकते.

मातीचा_गोळा:
बाहेरच्या डबीच्या वरच्या काठाला आतून टाल्कम पावडर आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलचा पातळ लेप ब्रशने लावा. अल्कोहोल उडून जातं, पावडरचा थर राहतो, त्यावर पाय टिकत नाहीत, घसरून खाली पडतात. पूर्ण वाळून वास गेल्यावरच वापरा. दमट हवेत हा थर लवकर निकामी होतो, तेव्हा काठ बघत राहायचं. आणि डबीला झाकणही ठेवा, एकाच अडथळ्यावर विसंबू नका.

ढोली:
सांजपाखरू, हलवताना एकच: ट्यूब उलटी करून ठोकायची नाही. नेस्टला जोडलेल्या डबीत ट्यूब ठेवा, ट्यूबवरचं काळं काढा, नेस्टवरचं राहू द्या, ओलं टोक आधी ओलं करून ठेवा. एखादी मुंगी आत जाऊन येईल, मग दुसरी. वाट सापडली की कोष तोंडात धरून रांग लागते आणि राणी मधेच कधीतरी जाते. नाही गेल्या तर याचा अर्थ ट्यूब अजून त्यांना पुरतेय. तापमान २४ ते २८ अंशांत ठेवा, उन्हात काच कधीच नाही, बंद काचेत दहा मिनिटांत सगळं भाजून निघतं.

आणि घाबरून किंवा कंटाळून सोडून देण्याची गोष्ट नाही ही. लासियस नायजर जातीची एक राणी पाळलेल्या अवस्थेत जवळपास २९ वर्षं जगल्याची नोंद आहे. कॅम्पोनोटसही वर्षानुवर्षं राहतात, म्हणून पुढचा भाग जोडता येईल अशी एक नळीची जागा आत्ताच ब्लॉकमध्ये ठेवून द्या, सध्या कापसाने बंद.

पानगळ:
मधेच विचारते, माझ्याकडे वेगळ्या जातीची राणी आहे, ती ट्यूबमध्ये सारखी फिरते, खायला शोधतेय असं वाटतं. तिलाही असंच बंद ठेवायचं का?

कीटकवेडी:
जात ओळखल्याशिवाय नाही! सगळ्या राण्या उपाशी राहून वसाहत वाढवत नाहीत. बऱ्याच पोनेरिन (शिकारी मुंग्यांचा एक गट) मुंग्यांच्या राण्या स्वतः बाहेर पडून शिकार करतात, त्यांना बंद ट्यूबमध्ये ठेवलं तर उपासमार होते. त्यांना सुरुवातीपासून छोटी डबी आणि दर दोन-तीन दिवसांनी ताजा मारलेला किडा द्यावा लागतो. बाजूने आणि वरून स्पष्ट फोटो टाका, कमरेला किती गाठी आहेत आणि नांगी आहे का ते दिसू दे, मग सांगते. आणि पानं विणून घर करणाऱ्या तांबड्या मुंग्यांची राणी असेल तर हा ब्लॉक-प्लास्टरचा धागाच तिच्या कामाचा नाही, तिला पानं लागतात.

सांजपाखरू:
ब्लॉक कापून पाण्यात टाकलाय. चार खोल्या आखल्यात, ओला खड्डा डावीकडे, जाळी उजवीकडे, नळीचं भोक मागे. काच सिलिकॉनने चिकटवू की नुसती क्लिपांनी धरू?

मातीचा_गोळा:
क्लिपा. पुढे साफ करायला काच निघाली पाहिजे. सिलिकॉन फक्त नळी आणि जाळीला, आणि तो साधा मत्स्यटाकीचा घ्या, बुरशीनाशक घातलेला बाथरूमचा नको. सुकताना त्याला व्हिनेगरसारखा वास येतो. नाक लावून तो पूर्ण गेलाय याची खात्री झाल्याशिवाय ट्यूब त्या डबीत ठेवू नका, दोन दिवस जास्त गेले तरी चालतील.