५० टनावर चालणारी डाय ६३ टनावर बसेल का?

शीटमेटल_भोसरी
गिऱ्हाइकाने ब्लँकिंगची डाय (पत्र्यातून तुकडा कापायचा साचा) पाठवली आहे. आधी दुसरीकडे ५० टनावर चालायची, आमच्याकडे ६३ टनाची सी-फ्रेम पॉवर प्रेस आहे. माल सीआरसीए (कोल्ड रोल्ड पत्रा) २ मिमी, ब्लँक (कापून पडणारा तुकडा) १३० बाय ८०. डाय बंद करून मोजली तर २१५ मिमी भरते. प्रेसच्या कॅटलॉगात शट हाइट (रॅम, म्हणजे वर-खाली होणारा भाग, सगळ्यात खाली असताना त्याच्याखाली उरणारी उंची) ३०० आणि रॅमचं स्क्रूने ॲडजस्टमेंट ६० दिलंय. म्हणजे २४० च्या खालची डाय बसणार नाही, आपली २५ ने बुटकी पडते. खाली ४० चे पॅरलल (सारख्या जाडीच्या पट्ट्या) टाकू का? शिवाय डायची शँक (रॅमच्या भोकात बसणारा वरचा दांडा) ३८ ची आणि रॅमचं भोक ५० चं आहे. सोमवारी पहिला लॉट द्यायचाय.

टूलरूम_चिंचवड
पॅरलल कापायला टाकू नका अजून. कॅटलॉगातले ३०० बेडपासून आहेत की बोल्स्टरच्या (बेडवरच्या जाड प्लेटच्या) वरून? पुष्कळ कॅटलॉग बेडपासून धरतात आणि बोल्स्टरची जाडी आपण वजा करायची असते. मोटार बंद करा, फ्लायव्हील पूर्ण थांबू द्या, हाताने फिरवून रॅम बॉटमला आणा, स्क्रू पूर्ण वर घ्या आणि बोल्स्टरच्या तोंडापासून रॅमच्या तळापर्यंत मोजा. साधी स्टीलची पट्टी चालेल, इथे दशांशाचं काम नाही.

टनेजची काळजी नको. ब्लँकचा परीघ ४२०, जाडी २, सीआरसीएचा शिअर (कातरायला लागणारा जोर) दर चौ. मिमीला ३५० न्यूटन धरा (थोडा जास्तच धरलाय). ४२० × २ × ३५० = २,९४,००० न्यूटन, म्हणजे ३० टन. स्ट्रिपरचे (पंचावरून पत्रा सोडवायचे) धरून ३५. मेकॅनिकल प्रेस पूर्ण टनेज बॉटमच्या आधी शेवटच्या काही मिमीतच देते, म्हणून काठोकाठ हिशोब कधी करू नये. ६३ वर आरामात चालेल.

शीटमेटल_भोसरी
मोजलं. २४० भरले. बोल्स्टर ६० चा निघाला.

टूलरूम_चिंचवड
मग तुमची रेंज १८० ते २४०. २१५ ची डाय थेट बसते, स्क्रू फक्त २५ बाहेर येईल. ४० चे पॅरलल टाकले असते तर २५५ झाले असते. रॅम बॉटमच्या १५ मिमी आधीच टेकला असता, आणि कुणी हाताने न फिरवता क्लच मारला असता तर प्रेस तिथेच जॅम. मग स्क्रू सुटत नाही, फ्लायव्हीलला बार लावून उलटं ओढत बसायचं. सी-फ्रेमचा जबडा उघडतो ते वेगळंच.

शँकला ५० बाय ३८ ची एका बाजूने चिरलेली बुश टर्न करून घ्या. पण एवढं टूल नुसत्या शँकवर लटकवू नका. शँक सेंटरसाठी, वरची प्लेट रॅमच्या टी-स्लॉटला बोल्टने आवळा.

सेटर_दादा
ब्लँक पडणार कुठून? बोल्स्टरचं भोक बघितलं का?

शीटमेटल_भोसरी
गोल आहे दादा, १०० चं. बेडचं मोठं आहे.

सेटर_दादा
तिथेच गाडी अडणार. १३० चा ब्लँक १०० च्या भोकातून जात नाही. डायमध्ये एकावर एक साचतील, पंच वरून ठोकत राहील आणि डाय ब्लॉकला चीर जाईल. उंचीची एवढी चर्चा झाली, पण डाय फुटते ती जास्त करून अशीच.

२० चे पॅरलल टाकले तर २३५ होतं, बसतं. पण मधे २० चीच फट. दहा ब्लँक साचले की भरली. दर थोड्या वेळाने प्रेस थांबवून आकड्याने ओढायचे, आणि एखादा दिवस थांबवायचं विसरलं जातंच. त्यापेक्षा बोल्स्टरचं भोक मिलिंगवर चौकोनी करून घ्या. गॅसने कापू नका, प्लेट वाकडी होते.

लावताना: बोल्स्टर आणि टूलचा तळ पुसून घ्या, एक चिपसुद्धा खाली राहिली तर एका बाजूला बर (कापलेल्या कडेला उरणारी कूस) येतो. डाय बंद ठेवून मधे सरकवा, रॅम हाताने बॉटमला, मग स्क्रूने खाली आणून वरच्या प्लेटला टेकवा. आधी वरचे बोल्ट आवळा. खालचे क्लॅम्प बोटानेच लावा, हाताने एक पूर्ण फेरी काढा, पिलर (डायचा गाइड खांब) बुशमध्ये मोकळा फिरतोय हे बघा, मगच खालचे आवळा. तुमचा स्ट्रोक आधीच्या प्रेसपेक्षा मोठा असेल तर रॅम वर असताना पिलर बुशमधून पूर्ण बाहेर येतो का तेही बघा. पंच डायमध्ये मिमीभर जाईल एवढाच ठेवा, आणि स्क्रू जागी धरणारा चेकनट विसरू नका.

शीटमेटल_भोसरी
भोक १५० बाय १०० करतो, मोकळं पडेल.

टूलरूम_चिंचवड
नको. १३६ बाय ८६ पुरे. त्याहून मोठं केलं तर कटिंग एजखालचा आधार जातो आणि डाय ब्लॉक मधे झुकतो. आणि कोपऱ्यांना त्रिज्या ठेवाल त्यात ब्लँकचा कोपरा अडकणार नाही हे कागदावर काढून बघा.