अनुभव धागा: बॅकगॅमन, दान आणि डाव

अबोली
कपाट आवरताना मामाचा बॅकगॅमनचा (दोन फासे टाकून आपल्या सगळ्या सोंगट्या आधी बाहेर काढायचा दोघांचा खेळ) पट हाती लागला. सोंगट्या मोजल्या, तीसच्या तीस आहेत. मामा खेळताना फारसं बोलायचा नाही. माझी एखादी सोंगटी घरात एकटी राहिली की तिच्यावर बोट ठेवायचा आणि तिथून स्वतःच्या सोंगटीपर्यंत घरं मोजायचा. सहा भरली तर नुसतं हसायचा, सात भरली तर बोट उचलायचा. त्याचं गणित मला बऱ्याच वर्षांनी कळलं. मधे वाट अडलेली नसेल तर सहा घरांवरची एकटी सोंगटी ३६ पैकी १७ दानांनी मरते, सात घरांवरची फक्त ६ दानांनी. एका घराचा फरक! म्हणूनच 'सगळा दानाचा खेळ आहे' असं कुणी म्हटलं की मला वाद घालावासा वाटतो. फासे दोघांना सारखेच, पण सोंगटी उघडी कुठे टाकायची ते आपण ठरवतो.
तुम्हाला हा खेळ कसा उमगला ते लिहा. नियम, चाली, भांडणं, सगळं चालेल.

दवबिंदू
३-१!!! पहिलंच दान ३-१ पडलं की माझा विचार करायचा प्रश्नच नसतो. (घरं आपल्या बाजूने १ ते २४ मोजायची.) आठावरची एक, सहावरची एक, दोन्ही पाचवर, पाचचं घर पक्कं. ४-२ ला चारचं घर, ६-१ ला सातचं. २-१ बद्दल लिहायचंय, पण बाळ उठलंय. येते.

निळी शाई
आमच्याकडे तो २, ४, ८ लिहिलेला दुपटीचा फासा कायम डब्यातच असायचा, कुणाला त्याचं काय करायचं माहीतच नव्हतं. मोठ्या बहिणीने कुठूनतरी शिकून आणलं आणि आमचे डाव पार बदलले. समोरच्याने डाव दुप्पट करू म्हटलं की दोनच वाटा, डाव सोडून एक गुण द्यायचा नाहीतर दुपटीने खेळायचं. मी घाबरून सोडून द्यायचे. ताईने कागद घेऊन समजावलं: अशी स्थिती चारदा आली आणि चारही वेळा सोडलीस, तर चार गुण गेले. चारही वेळा खेळलीस, तीनदा हरलीस नि एकदाच जिंकलीस, तर सहा गेले, दोन आले. तरी चारच गेले की! म्हणजे चारात एक डाव जिंकायची आशा असली तरी दुप्पट घ्यायला हरकत नाही. (गॅमन व्हायची, म्हणजे एकही सोंगटी बाहेर न निघता दुपटीने हरायची भीती असेल तर जरा जास्त आशा हवी.) शिवाय घेतलेला फासा आपल्याकडे राहतो, पुढची दुप्पट फक्त आपणच करू शकतो. ताई आता लांब असते, फोनवर खेळतो.

गारवा
सासऱ्यांशी रोज एक वाद ठरलेला. दोन्ही फासे खेळता येत असतील तर दोन्ही खेळावेच लागतात ना? ते म्हणतात एक सोडला तरी चालतो.

पाऊलवाट
@गारवा, तुमचं बरोबर. दोन्ही खेळायलाच हवेत. कुठलाही एकच खेळता येत असेल तर मोठा खेळायचा. आणि आपली मेलेली सोंगटी बारवर (पटाच्या मधल्या पट्टीवर) असेपर्यंत दुसरी कुठलीच हलत नाही. समोरच्याच्या आतल्या सहापैकी पाच घरं बंद असली तर आत यायला ३६ पैकी ११ दानं उरतात. सासऱ्यांना हे वाचून दाखवा, प्रेमाने.

गारवा
दाखवलं. म्हणाले, 'लिहिणारा खेळतो का?' 😄

निळी शाई
@अबोली, मामा अजून खेळतात का?

अबोली
हो! फाशांवरचे ठिपके आता दिसत नाहीत त्याला. मी दान वाचते, तो सोंगट्या चाचपून खेळतो. पट पूर्ण डोक्यात असतो त्याच्या.

निळी शाई
ठिपके खोल कोरलेले मोठे फासे मिळतात बघा, बोटाला लागतात. दान स्वतः वाचण्यातली मजा वेगळीच.

अबोली
हे सुचलंच नव्हतं. आजच शोधते.

पाऊलवाट
मला या खेळात सगळ्यात जास्त आवडते ती संगणकाची गोष्ट. १९७९ मध्ये माँटे कार्लोला हान्स बर्लिनर यांच्या प्रोग्रॅमने जगज्जेत्या लुइजी व्हिला यांना ७-१ हरवलं. बर्लिनरनी नंतर एकेक चाल तपासून स्वतःच सांगितलं की फासे प्रोग्रॅमच्या बाजूने पडले होते, व्हिला जास्त चांगले खेळले. केवढा प्रामाणिकपणा! पुढे १९९२ च्या सुमारास आयबीएममध्ये जेराल्ड टेसाउरो यांनी टीडी-गॅमन हा बॅकगॅमन खेळणारा प्रोग्रॅम केला. तो स्वतःशीच लाखो डाव खेळून शिकला.

दवबिंदू
आले! @पाऊलवाट, मी २-१ बद्दल तेच लिहिणार होते. पूर्वी जाणकार २-१ ला तेरावरची एक अकरावर आणायचे नि सहावरची एक पाचवर उघडी टाकायचे, पुढच्या दानाला घर बांधू म्हणून. टीडी-गॅमनला त्यापेक्षा मागची सोंगटी चोवीसवरून तेवीसवर सरकवणं बरं वाटलं, आणि मग मोठे खेळाडूही तसंच खेळायला लागले.
आणखी एक, सोंगट्या बाहेर काढताना शेवटच्या दोन उरणार असतील तर चार-तीनवर ठेवू नका, जमलं तर पाच-दोनवर ठेवा. एका दानात दोन्ही निघायला पाच-दोनवर १९ दानं, चार-तीनवर १७. यावर मी नवऱ्याकडून डाव काढलाय.

गारवा
आणि सहा-एकवर?

दवबिंदू
१५. सहाला जड जातं.

गारवा
सासरे विचारतायत, पहिलं दान ६-२ पडलं तर काय?

पाऊलवाट
चोवीसवरची अठरावर, तेरावरची अकरावर. आणि हो, खेळतो म्हणावं.