जुन्या वेलींची शिराझ: लेबलवरच्या 'ओल्ड वाइन'वर किती विश्वास ठेवायचा?

पार्लेकर
भाच्याने दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या बरोसा भागाची एक शिराझ (लाल द्राक्षाची रेड वाइन) आणली आहे. 2019ची, अल्कोहोल 14.5 टक्के, स्क्रू कॅप. पुढे ठसठशीत अक्षरांत 'ओल्ड वाइन' (old vine, म्हणजे जुनी वेल; wine नव्हे) आणि मागे 'जुन्या वेलींच्या निवडक द्राक्षांपासून' एवढंच. बागेचं नाव नाही, लागवडीचं साल नाही. जुनी म्हणजे नेमकी किती? चवीत खरंच फरक पडतो की नुसतं मार्केटिंग? आपल्या नाशिकच्या वाइनवर हे कधी लिहिलेलं का दिसत नाही? बाटली 31 डिसेंबरला मटणाच्या बेताबरोबर उघडायची आहे. घरात वाइन चिलर नाही आणि ऑक्टोबरचा उकाडा चालू आहे, तर तोवर ठेवायची कुठे तेही सांगा.

कॉर्कस्क्रू
ऑस्ट्रेलियात या शब्दांना कायद्याची व्याख्या नाही. द्राक्षाची जात, प्रदेश आणि साल लेबलवर लिहायचं तर बाटलीतली किमान 85 टक्के वाइन त्याचीच असावी लागते, वेलीच्या वयाला तसा काही नियम नाही. बरोसावाल्यांनी 2009 मध्ये आपणहून एक सनद केली. 35 वर्षांच्या पुढे 'ओल्ड', 70च्या पुढे 'सर्व्हायव्हर', 100च्या पुढे 'सेंटेनेरियन' आणि 125च्या पुढे 'अ‍ॅन्सेस्टर'. ती ऐच्छिक आहे. म्हणजे तुमच्या बाटलीतल्या वेली 36 वर्षांच्या असतील किंवा 90च्या, लेबलवरून कळणार नाही. ज्याच्याकडे 1800च्या काळातली बाग असते तो ते साल लपवून ठेवत नाही, एवढं मात्र नक्की.

याबाबत दक्षिण आफ्रिका सरस. तिथे द्राक्षबागतज्ज्ञ रोझा क्रूगर यांनी जुन्या बागा शोधून त्यांच्या नोंदी केल्या आणि त्यातून 'ओल्ड वाइन प्रोजेक्ट' उभा राहिला. 35 वर्षांवरच्या प्रमाणित बागेच्या बाटलीवर सील असतं आणि सीलवर लागवडीचं साल छापलेलं असतं. दुकानात दोन बाटल्यांत अडलात तर साल छापलेली घ्या.

निफाडचा बागाईतदार
नाशिकचं उत्तर सोपं आहे. वाइनच्या जातींची मोठी लागवडच इकडे 1990च्या दशकाच्या शेवटी सुरू झाली. त्यात पस्तीस वर्षं मिळवा, म्हणजे 2030 उलटल्याशिवाय विषयच नको. पण खरी अडचण वयापर्यंत पोचण्याचीच आहे.

थंड देशात वेल हिवाळ्यात पानं टाकून झोपते. आपल्याकडे ती झोपतच नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी (काड्या बुडाशी छाटणं), त्यावर काड्या तयार करायच्या, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांना हायड्रोजन सायनामाइड हे रसायन लावायचं, आणि जानेवारी ते मार्च तोडणी. पीक एक, पण फुटवे दोनदा. खोडातला साठा भरायला उसंतच मिळत नाही. शिवाय पावसाळ्यात डाऊनी, करपा, मग भुरी हे रोग आणि खोडकिडा. पंधरा-वीस वर्षांत उत्पादन घसरलं की बाग काढून नवी लावणं परवडतं.

जुन्या वेलीचं नेमकं काय होतं तेही सांगतो. छाटणीच्या जखमांतून बुरशी शिरते आणि ओलांडे (खोडाच्या आडव्या फांद्या) एकेक करून वाळत जातात. घड कमी लागतात, मणी बारीक राहतो, म्हणजे रसाच्या मानाने साल जास्त. रेड वाइनचा रंग आणि टॅनिन (तुरटपणा देणारं द्रव्य) सालीतूनच येतात. मुळं खोल गेलेली असल्याने उन्हाच्या झटक्यात किंवा एखाद्या अवकाळी सरीत वेल डगमगत नाही, पिकणं संथ आणि सारखं होतं. ठिबकवर वाढवलेल्या वेलीची बरीच मुळं ड्रिपरखालच्या ओल्यातच घुटमळतात, तिला हे जमत नाही. उत्पादन मात्र कितीतरी ठिकाणी एकरी एक-दीड टन. खायच्या द्राक्षाचे एकरी दहा टन काढणाऱ्याला हे ऐकून हसू येईल, पण बाटली महाग का त्याचं निम्मं कारण इथेच आहे.

आणखी एक. दक्षिण ऑस्ट्रेलियात फिलॉक्सेरा (वेलीची मुळं खाणारा किडा) पोचलेला नाही. त्यामुळे तिथल्या कित्येक जुन्या वेली कलम न करता स्वमुळावर उभ्या आहेत. आपल्याकडे डॉगरिज या दणकट वेलीच्या खुंटावर कलम केल्याशिवाय खारं पाणी आणि दुष्काळ झेपत नाही.

तिसरा पेग
वयाचं एवढं कौतुक नको. 1980च्या दशकात दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या सरकारने पैसे देऊन वेली उपटायला लावल्या, त्यात बरोसाच्या जुन्या शिराझच्या बागाही गेल्या. जी जमीन चांगलं फळ देत होती किंवा ज्या मालकाने हट्ट धरला, ती बाग वाचली. आज आपण फक्त वाचलेल्यांची चव घेतो आणि श्रेय वयाला देतो. सुमार जमिनीतली साठ वर्षांची वेलही सुमारच वाइन देते.

पार्लेकर
मग वाइनमेकरचा वाटा किती? की फळ चांगलं आलं की काम झालं?

कॉर्कस्क्रू
@तिसरा पेग, मान्य. म्हणूनच वाइनमेकर बघायचा.

जुन्या बागेत त्याचा पहिला निर्णय म्हणजे तो माल वेगळा ठेवायचा की मोठ्या टाकीत मिसळायचा. बरोसाशेजारच्या ईडन व्हॅलीतली हेन्श्की कुटुंबाची 'हिल ऑफ ग्रेस' ही बाग घ्या. तिथल्या सगळ्यात जुन्या वेली 1860च्या सुमाराच्या. सिरिल हेन्श्कींनी 1958 मध्ये या एका बागेची शिराझ पहिल्यांदा वेगळी बाटलीबंद केली. आता त्यांचे पुत्र स्टीफन वाइन करतात आणि स्टीफन यांच्या पत्नी प्रू बाग सांभाळतात. प्रूंनी जुन्या वेलींतल्या उत्तम वेली हेरून त्यांच्याच काड्यांपासून रोपं वाढवली, म्हणजे मूळ वेल गेली तरी वाण टिकतो. आणि 2000 व 2011 या सालांची 'हिल ऑफ ग्रेस' त्यांनी काढलीच नाही. एवढ्या किमतीची बाटली न विकण्याला धाडस लागतं.

तळघरात काय करतात ते बघा. उघड्या तोंडाच्या लहान टाक्या, आंबताना वर येणारा सालींचा थर हलक्या हाताने ओला ठेवायचा. बारीक मण्यांत टॅनिन मुळातच भरपूर, जोरात ढवळलं की वाइन कडवट आणि तोंड ओढणारी होते. नव्या ओक लाकडाच्या पिंपांचा मारा केला की व्हॅनिला आणि नारळाचा वास सगळं झाकतो, मग वेल दहा वर्षांची असो की शंभर. पुष्कळ महाग 'ओल्ड वाइन' इथेच वाया जातात.

कॅलिफोर्नियाच्या झिनफँडेल या लाल द्राक्षाच्या जुन्या बागांत अडचण वेगळी. एकाच बागेत झिनफँडेल, पेटिट सिरा, कॅरिन्यान अशी सरमिसळ लावलेली असते, आणि झिनफँडेलच्या एकाच घडात हिरवे मणी आणि बेदाणे शेजारी शेजारी. चुरल्यावर लगेच साखर मोजली तर आकडा कमी येतो. बेदाण्यांतली साखर रसात उतरायला एक-दोन दिवस लागतात. पहिल्या आकड्यावर विसंबलं तर अल्कोहोल अंदाजाच्या वर जातं आणि यीस्ट शेवटी दमून गोडवा मागे सोडतं.

माहीमची सुगरण
बाटलीचं मी सांगते. मुंबईत कपाट, माळा, किचनचा ओटा, सगळं बाद. 30-32 अंशांत दोन महिने राहिली तर फळाचा ताजेपणा जाऊन शिजवलेल्या जॅमसारखा वास येतो. चिलर नसेल तर सरळ फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, दारात नको. स्क्रू कॅप आहे, त्यामुळे आडवी ठेवायची गरज नाही. थंडीने तळाशी काचेच्या चुऱ्यासारखे खडे दिसले तर घाबरू नका, ते टार्ट्रेटचे, म्हणजे द्राक्षातल्याच आम्लाच्या क्षाराचे, निरुपद्रवी असतात. आदल्या दिवसापासून बाटली हलवू नका, गाळ खाली बसू द्या.

'रेड वाइन रूम टेंपरेचरला प्यायची' हे आपल्या खोल्यांना लागू नाही. 16 ते 18 अंश हवेत. फ्रिजमधली बाटली असेल तर प्यायच्या साधारण दीड तास आधी बाहेर काढा. ग्लासात थोडी गारच ओता, ती भराभर तापते. एका वेळी शंभर मिलीपेक्षा जास्त ओतू नका. 14.5 टक्क्यांची शिराझ 28 अंशांवर गेली की नाकात फक्त स्पिरिट चढतं.

उघडल्यावर सडक्या अंड्यासारखा वास आला तर फेकू नका. स्क्रू कॅपखाली कधीकधी असं होतं, काचेच्या जगमध्ये ओतून अर्धा तास ठेवा, बहुतेकदा जातो.

मटण सुकं करा, तिखट निम्म्यावर आणा. मिरचीचा जाळ आणि अल्कोहोल एकत्र आले की तोंड भाजतं आणि फळ हरवतं. काळी मिरी मात्र हात सैल सोडून घाला, शिराझमध्ये तो वास असतोच. सोबत सुरमई तळायचा विचार असेल तर ती बिअरबरोबर संपवा. रेड वाइनमधल्या लोहाने माशाच्या तेलाला धातूसारखी चव येते.

तिसरा पेग
यात भर: उरलेली किंवा आयत्या वेळी बाहेरून आणलेली बाटली 30 अंशांवर असेल तर फ्रिजमध्ये अर्धा तास ठेवून काही होत नाही, पावणेदोन तास लागतात. बादलीत निम्मा बर्फ आणि निम्मं पाणी घ्या, बारा-पंधरा मिनिटांत 17च्या आसपास येते. नुसता बर्फ नको, बाटलीला चिकटायला पाणी लागतंच.

कॉर्कस्क्रू
आणि भाच्याला पुढच्या खेपेसाठी सांगून ठेवा: माणशी दोन लिटरचीच सूट आहे, म्हणजे 750 मिलीच्या दोनच बाटल्या, तिसरीवर ड्युटी. इथल्या दुकानात ऑस्ट्रेलियन वाइनवरची ड्युटी डिसेंबर 2022 मध्ये लागू झालेल्या भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करारानंतर उतरू लागली आहे. आयात किंमत (दुकानातली नव्हे) 5 अमेरिकी डॉलरवर असलेल्या बाटलीला 150 टक्क्यांवरून 100 आणि 15 डॉलरवरच्या बाटलीला 75 टक्के अशी सुरुवात होती, पुढे दरवर्षी थोडी कमी. त्यामुळे बागेचं नाव आणि साल छापलेली बाटली हवी असेल तर 15 डॉलरवरच्या आयात किमतीचीच शोधा, ड्युटीचा टक्का तिथेच कमी लागतो.